चार काळ्या रेघा म्हणे!

बसा. वह्या मिटा, मोबाइल दप्तरात टाका. आज कुणी काही काढणार नाही. आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. मागे जे पालक उभे आहेत त्यांनीही बसून घ्यावं, कारण यातलं निम्मं त्यांच्यासाठी आहे.

मागच्या शनिवारी या भिंतीवर मी बांबूची चिनी शाईचित्रं लावली होती. प्रती छापील होत्या, पण चांगल्या. तुम्ही पाच मिनिटांत भिंत उरकलीत. एकीने फोटो काढला आणि पाठ फिरवली. एक जण म्हणाला, "बाई, यात रंगच नाहीत." आणि खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला, "चार काळ्या रेघा तर आहेत, दोन मिनिटांत काढतो." सगळे हसलात. मग मी कागद दिले, शाई दिली, कुंचले दिले. दोन मिनिटांत नाही, तासाभरात तुम्ही जे काढलंत ते माझ्या टेबलावर आहे. रात्री एकेक कागद हातात घेऊन पाहिलाय. तुम्ही भिंतीवरची चित्रं जेवढा वेळ पाहिलीत, त्याहून जास्त वेळ मी तुमची पाहिली आहेत. म्हणून आज बोलायचा मला अधिकार आहे.

तुमच्या चित्रांतला बांबू म्हणजे पाण्याचा पाइप आहे. बुडापासून शेंड्यापर्यंत एकच जाडी. दर तीन बोटांवर एक आडवी रेघ, ती म्हणे गाठ. सगळी कांडी सारख्या लांबीची, पट्टीने मोजल्यासारखी. फांद्या मिळेल तिथून फुटलेल्या. एकाने तर कांड्याच्या बरोबर मधून फांदी काढली आहे. पानं मागाहून चिकटवलेली. मला सांगा, असा बांबू कुठे पाहिलात? आपल्या मुळशी तालुक्यात तर नाही. मुळशीतच काय, पृथ्वीवर कुठेही असा बांबू उगवत नाही.

बांबू हे गवत आहे. त्याची काठी झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाला जाड होत नाही. पावसाळ्यात जमिनीतून कोंब वर येतो तो जेवढा जाड, तेवढीच ती काठी जन्मभर. कोंबाच्या आत सगळी कांडी आधीच एकमेकांत दाबून बसलेली असतात, आणि ती एकेक करत लांबतात. म्हणून बुडाशी कांडी आखूड, मध्यावर लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. फांदी फुटते ती गाठीवरच, एका गाठीला डावीकडे, पुढच्या गाठीला उजवीकडे. यातलं काहीही मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांच्या परसात हे उभं आहे. याच दिवसांत वास्त्याची भाजी तुमच्या घरी शिजते. कोंब सोलताना आतली चवड कुणी पाहिली नाही? खाल्लीत, पाहिली नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तुमच्यासाठीच केलेली आहे. ताम्हिणीच्या उतारांवर मेस आहे, ओढ्याकाठी काटेरी कळक आहे, कोळवणच्या बाजूला बांधाबांधावर बेटं आहेत. आणि तुम्ही बांबू काढायला मोबाइल उघडलात! चीनमधल्या कुठल्या तरी बागेचा फोटो शोधलात आणि त्यावरून काढलंत. मी कागद पाहताच ओळखलं. कसं? सांगते. तुमच्या बहुतेक चित्रांत काठ्या सुट्या सुट्या, हातभर अंतरावर उभ्या आहेत. चीनमध्ये सर्वांत जास्त लावला जाणारा जो मोठा बांबू आहे, त्याचं मूळ जमिनीखाली लांब धावत जातं आणि लांब लांब कोंब काढतं, म्हणून तिथल्या बनात माणूस काठ्यांमधून चालू शकतो. आपला मेस आणि कळक तसे नाहीत. त्यांचं मूळ आखूड, गड्ड्याचं. सगळ्या काठ्या एका ठिकाणाहून, एकमेकींना खेटून वर येतात आणि वर गेल्यावर बाहेर झुकतात. त्यालाच आपण बेट म्हणतो. तुम्ही चित्राखाली लिहिलंत "आमच्या मुळशीचा बांबू" आणि काढलात परका. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली.

आता ज्या चित्रांकडे पाठ फिरवलीत, त्यांच्याकडे वळू.

त्या भिंतीवर डावीकडून पहिलं चित्र वेन तोंग याचं. जन्म १०१८, मृत्यू १०७९. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, तेव्हाचा हा माणूस. सरकारी अधिकारी होता, कवी होता. मूळ चित्र रेशमावर आहे, तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात. त्यात बांबू जमिनीतून वर येत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातून एक फांदी खाली लोंबते, बरीच खाली येते आणि शेवटी शेंडा पुन्हा वर उचलते. कड्यावर उगवलेल्या बांबूला असंच वाढावं लागतं. तुमच्यातल्या एकालाही हे दिसलं नाही की फांदी खाली येते आहे! पानं नीट पाहिलीत? काही गडद काळी, काही फिकट करडी. ते शाई संपली म्हणून नाही. पानाची वरची बाजू गडद, उलटी बाजू फिकट, ही रीत वेन तोंगपासून सुरू झाली असं त्याच्या काळातल्या जाणकारांनीच नोंदवून ठेवलं आहे. एक पान वाऱ्याने उलटलंय, एक नाही, हे एका रंगाने सांगितलं आहे. आता बेटापाशी जा आणि मेसाचं पान उलटून पाहा. मागची बाजू फिकट असते की नाही?

त्याचा जिवलग मित्र सू शी, चीनचा फार मोठा कवी. त्याने वेन तोंगच्या बांबूवर एक लेख लिहिला. त्यात तो म्हणतो ते तुम्हाला तंतोतंत लागू पडतं. आजकालचे चित्रकार एकेक गाठ जोडत बांबू करतात, एकेक पान रचत जातात. त्यात बांबू येणार कुठून? बांबू आधी छातीत पुरा उभा राहिला पाहिजे. मग कुंचला उचलायचा, टक लावून पाहायचं, आणि जे दिसलं त्याच्यामागे धावायचं, ससाणा सशावर झेपावतो तसं. जरा ढिलाई केली की ते गेलं. हे सू शीने १०७९ साली लिहिलं, वेन तोंगच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत. ऊन द्यायला म्हणून चित्रं बाहेर काढली होती, त्यात मित्राचा बांबू हाती लागला आणि हा मोठा माणूस रडला. त्याच लेखात आणखी एक हकिगत आहे. वेन तोंगकडे लोक रेशमाचे तुकडे घेऊन रांगा लावायचे, बांबू काढून द्या म्हणून. वेन तोंग इतका वैतागला की रेशीम जमिनीवर फेकलं आणि म्हणाला, याचे आता पायमोजे शिवतो. फुकट आणि झटपट मागणारी माणसं तेव्हाही होतीच.

"दोन मिनिटांत काढतो" म्हणणाऱ्याने उभं राहावं. बरोबर आहे तुझं. हे चित्र खरोखरच थोडक्या वेळात निघतं. पण त्या थोडक्या वेळाआधी किती वर्षं आहेत, ते तू मोजलं नाहीस. ली कान नावाचा एक चित्रकार होता, १२४५ सालचा. सरकारी कामासाठी फिरायचा आणि जाईल तिथे बांबू पाहायचा. थेट आजच्या व्हिएतनामच्या बाजूपर्यंत गेला. किती जाती, कोंब कसा, पान कसं, गाठ कशी, हे सगळं त्याने एका ग्रंथात लिहून ठेवलं, १३०० सालाच्या आसपास. चित्रकाराने लिहिलेला तो वनस्पतिशास्त्राचा ग्रंथच आहे. आणि तुम्ही म्हणता, बाई, गुगलवर आहे की.

कुंचला कसा धरायचा हे मी दाखवलं होतं, तुम्ही पेन्सिलीसारखा धरलात. पुन्हा सांगते. कुंचला उभा, मनगट कागदापासून वर. आधी फिकट शाईत भिजवायचा, मग फक्त टोक गडद शाईत बुडवायचं. एकाच फटकाऱ्यात दोन्ही छटा उतरतात आणि काठी गोल दिसायला लागते. काठी बुडापासून वर काढायची, कारण बांबू तसाच वाढतो. टेकवा, सरकवा, थांबा, किंचित उचला. तो थांबा म्हणजे गाठ. पुन्हा टेकवा, पुढचं कांडं. दोन कांड्यांमध्ये बारीकशी फट राहू द्या, त्या फटीत नंतर छोटा आकडा येईल. एका श्वासात काठी पुरी व्हायला हवी. मध्ये हात अडखळला की कागदावर डाग. तांदळाची भाकरी थापताना हात चुकला आणि कड फाटली तर ती थापटून सांधत नाही, हे तुमच्या आया तुम्हाला सांगतील, इथेही तसंच. खोडरबर नाही, पांढरा रंग नाही, वरून गिरवणं नाही. चीनमधला शुआन कागद शाई लागताक्षणी पितो. एकदा प्यायला की तुमचा धीर, तुमची भीती, तुमचा आळस, सगळं त्यात कायमचं.

आणि पानं! पान म्हणजे दाब आणि सुटका. टोक टेकवा, दाबा, ओढा, उचलत उचलत सोडा. पान जाड झालं तर ते पीचच्या झाडाचं होतं, फार बारीक झालं तर वाळुंजाचं होतं, अशी ताकीद जुन्या चिनी गुरूंनी देऊन ठेवली आहे. नदीकाठची वाळुंज तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या दोघींनी वाळुंजच काढली आहे, बाकीच्यांनी आंबा.

शाईबद्दलही बोलते, कारण बाटलीतून ओतताना तुम्ही निम्मी जमिनीवर सांडलीत. चिनी शाईची कांडी असते. पाइनचं लाकूड किंवा तेल जाळून जमवलेलं काजळ, त्यात सरस, कुटून साच्यात वाळवलेलं. दगडी पाट्यावर थेंबभर पाणी घेऊन ती सावकाश घासायची. तो वेळ वाया जात नाही. त्या वेळात हात शांत होतो आणि मनात बांबू उभा राहतो. हे ऐकून तुम्हाला परकं वाटलं असेल, तर आपल्या पणजोबांची शाई कशाची होती ते विचारा. काजळ आणि डिंक! बोरू तिरका छाटून, त्या शाईत बुडवून, कागदावर पुस्ती गिरवायचे. बोरूचं तोंड वळलं की रेघ जाड, फिरलं की बारीक. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर शिरोरेषा ओढायचा आणि मग हात न उचलता अक्षरामागून अक्षर सोडत जायचा. त्याला कुणी खोडरबर दिला होता? पेशवे दफ्तरातले कागद बघा, हाताच्या वेगावरून लिहिणारा ओळखू येतो. चीनमध्ये लिहिणं आणि बांबू काढणं या दोन गोष्टी एकाच कुंचल्याने, एकाच शाईने, एकाच हाताने होतात. चाओ मेंगफू हा तेराव्या-चौदाव्या शतकातला मोठा सुलेखनकार. बांबू काढायचा असेल तर आधी लिपीच्या सगळ्या वळणांवर हात बसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून त्यातून अक्षरचित्रं उभी केली, ती तुम्ही पाहिली आहेत आणि टाळ्या वाजवल्या आहेत. मग ही चित्रं तुम्हाला का वाचता आली नाहीत? कारण तुमचं स्वतःचं अक्षर तुम्ही सोडून दिलंय. वह्या तपासताना मला रोज दिसतं.

म्हणून चित्र कसं पाहायचं ते ऐका. ते वाचायचं असतं. पहिला फटकारा कुठला? कुंचला कुठून शिरला, कुठे थबकला, कुठे घाईत गेला? शाई कुठे संपत आली आणि काठीवर पांढरे कोरडे ओरखडे उमटले? त्या ओरखड्यांतच उजेड आहे. कुठलं पान आधीचं, कुठलं त्यावर नंतर पडलं? शाईच्या चित्रात हे सगळं शाबूत राहतं, कारण काहीच पुसता येत नाही. तेलरंगात चित्रकार दहा वेळा बदलतो आणि तुम्हाला शेवटचाच थर दिसतो. इथे नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा चालला, ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आणि मोकळा कागद! "बाई, अर्धा कागद रिकामा आहे" असं कोण म्हणालं होतं? तो रिकामा नाही. तिथे वारा आहे, धुकं आहे. तो भाग भरला असता तर पानांना हलायला जागा उरली नसती.

रंग नाहीत म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतात. सू शी एकदा लाल शाईने बांबू काढत बसला. कुणी म्हणालं, लाल बांबू कुणी पाहिलाय? तो म्हणाला, मग काळा कुणी पाहिलाय? गोष्ट खरी असो नसो, प्रश्न खरा आहे. आणि तुम्हाला तर हा प्रश्न पडायलाच नको होता. तुम्ही मुळशीचे. आषाढात ताम्हिणीच्या वळणावर उभं राहिलं की काय दिसतं? जवळची सोंड काळी, पलीकडची करडी, तिच्या पलीकडची आहे की नाही ते कळत नाही. हिरवा रंग पावसाने कधीच धुऊन नेलेला असतो. धरणाचं पाणी आणि आभाळ यांची सीमा लागत नाही. चार महिने हा तालुका शाईचंच चित्र असतो! पुण्या-मुंबईचा माणूस एवढी गाडी हाकत हे पाहायला येतो, आणि त्यातच जन्मलेली मुलं विचारतात, रंग कुठे आहेत.

दुसऱ्या ओळीतलं लांबट चित्र क्वान ताओशेंगचं. मुलींनो, ही बाई होती. चाओ मेंगफूची बायको, पण बांबूत तिचं नाव तिच्या स्वतःच्या हाताने झालं. जन्म १२६२, मृत्यू १३१९. धुक्यात आणि पावसात बुडालेली बांबूची बनं, पाण्याच्या काठाने लांबवर गेलेली. १३०८ सालच्या वसंतात, तलावावर नावेत बसून, एका थोर घरच्या बाईसाठी तिने हे काढलं, असं तिने स्वतः चित्रावर लिहून ठेवलं आहे. तोवर बहुतेक जण बांबूची एखाददुसरी फांदी जवळून काढत; हिने लांबून आख्खा काठ पाहिला. तुमच्या घरासमोर एवढा मोठा जलाशय आहे. त्याचा काठ एका तरी मुलीने काढून आणलाय का? सूर्यास्त आणि नारळाचं झाड मात्र दर आठवड्याला येतं. मुळशीत नारळ कुठे आहे गं?

आता एक जड गोष्ट. ही माणसं बांबूच का काढत होती? १२७९ साली मंगोलांनी सगळा चीन घेतला. कितीतरी विद्वानांनी परक्या दरबारची चाकरी नाकारली. वू चेन त्यांतला एक. १२८० ते १३५४. नोकरी केली नाही, भविष्य सांगून पोट भरलं, असं सांगतात. आणि बांबू काढला. १३५० साली, सत्तरीत, त्याने मुलासाठी बांबूचं चित्रपुस्तक केलं. ते आजही तैपेईला आहे. बापाने मुलाला दिलेला तो वारसा आहे. बर्फाने वाकतो पण मोडत नाही, हिवाळ्यात पान गाळत नाही, म्हणून त्यांना बांबूत ताठ माणूस दिसायचा. ज्या तालुक्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट ज्यासाठी तुरुंगात गेले, त्या तालुक्यातल्या बावन्न गावांच्या शेतकऱ्यांच्या पोरांना हे मी समजावून सांगायला हवं? न वाकणं म्हणजे काय, ते तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

अठराव्या शतकात चेंग पान्चियाओ झाला. गरीब घरचा, उशिरा अधिकारी झालेला. वेइशिएन जिल्ह्याचा तो मुख्य अधिकारी असताना दुष्काळ पडला, त्याने सरकारी कोठारं उघडून लोकांना धान्य दिलं. तिथेच एका रात्री कचेरीत पडल्या पडल्या बाहेर बांबू सळसळला आणि त्याला तो रयतेच्या हालअपेष्टांचा आवाज वाटला. त्याने बांबू काढला, त्यावर तसं लिहिलं, आणि चित्र आपल्या वरिष्ठाला पाठवलं. साध्या चार-सहा पानांचं चित्र, पण ते अर्जाचं काम करत होतं. पुढे नोकरी सुटली, तो यांगचौला चित्रं विकून जगला. माझा गुरू कुणी नाही, असं तो म्हणे; खिडकीच्या कागदावर आणि चुन्याच्या भिंतीवर उन्हाने, चंद्राने जी बांबूची सावली पडते, तिच्याकडून शिकलो. तुमच्याकडे चुन्याची भिंत नाही? चांदणं नाही?

आता पालकांशी. "हे चायनीज कशाला शिकवता" असं मला दोघांनी विचारलं. विचारण्याची पद्धतही मला आवडली नाही. १९२४ साली रवींद्रनाथ चीनला गेले तेव्हा नंदलाल बोस त्यांच्याबरोबर होते. तिथली शाई, तिथला कुंचला पाहून आले आणि शांतिनिकेतनात पुढच्या पिढ्यांना दिला. त्या कलाभवनात आपले विनायक मासोजी होते, मराठी माणूस. १९३७ साली तिथे चीनभवन उभं राहिलं, १९४० च्या सुमारास शू पेइहोंगसारखा चीनचा मोठा चित्रकार येऊन राहिला. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. कलेचं आणि माणुसकीचं हे येणं-जाणं सीमेवरच्या बातम्यांनी पुसत नाही. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी वस्तूंचं दालन आहे. टाटांनी जमवलेला तो संग्रह. होय, ज्यांचं हे धरण, तेच टाटा. सहल नेता ती वॉटरपार्कला. एकदा तिथे न्या.

आणि दुसरं. घरात, हॉटेलांत, फार्महाउसच्या दारात बांबूची चित्रं टांगलेली मी पाहते. कुठल्या दिशेला लावली म्हणजे पैसा येतो, हे विचारून टांगलेली. टीपॉयवर काचेच्या बरणीत "लकी बांबू". तो बांबूच नाही. तो ड्रॅसिना, मूळचा आफ्रिकेचा. खरा बांबू कुंपणाला अडचण म्हणून तोडायचा आणि खोटा पाण्यात घालून पुजायचा, हे मला पाहवत नाही. पाहायचं चित्र शोभेला टांगलं की डोळा त्यावर कधीच पडत नाही. चीनमध्ये हीच चित्रं गुंडाळून ठेवत, ऋतू आला की काढत, चार माणसं बसून पाहत आणि पुन्हा गुंडाळत. बघण्यासाठी वेळ काढावा लागे.

तुमच्याहून बांबू कुणाला कळतो, ते सांगते. बाजारात सुपं, रोवळ्या, डालगी घेऊन बसणाऱ्या बुरूड मावशी आहेत. कोयत्याचं पातं काठीच्या टोकावर टेकवतात, एक ठोका घालतात, आणि चीर गाठीमागून गाठ फोडत सरळ बुडापर्यंत जाते. हात गाठीपाशी क्षणभर थांबतो, जोर बदलतो, पुढे सरकतो. हाच तो थांबा, जो मी तुम्हाला कुंचल्याने घ्यायला सांगते. कुठली काठी कधी तोडलेली, कोवळी की पक्की, हे त्या बोट लावून सांगतात. त्यांच्याशी तुम्ही दहा रुपयांसाठी घासाघीस करता. त्यांच्यापाशी तासभर बसा, पाया पडा आणि हात बघा.

परीक्षेचं बोलून संपवते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असतो. तुम्ही त्यासाठी काय करता? बाजारातून छापील चित्रं आणता, ती पाठ करता आणि तीच उतरवता. छत्रीवाली बाई, फुगेवाला, बसथांबा, वर्षानुवर्षं तेच. ए ग्रेड मिळते, दहावीला गुण वाढतात आणि कुंचला माळ्यावर जातो. न पाहिलेल्या गोष्टीची आठवण कशी येईल रे? आठवणीतून काढायचं तर आधी डोळ्यांनी साठवायला नको? या वर्गात मला गुणांसाठी आलेलं कुणी नको आहे. ज्यांना तेवढंच हवंय, त्यांनी आजच सांगावं. मी राग धरणार नाही, फी परत करीन.

तुमच्यात दोन कागद मी बाजूला ठेवले आहेत. ते कुणाचे ते सांगणार नाही. एकात काठी वाकडी आहे, शाई फुटली आहे, पण फांद्या डावी-उजवीकडे आल्या आहेत. त्या पोराने बांबू पाहिलेला आहे. दुसऱ्यात एकच पान आहे, बाकी कागद कोरा. पण ते पान सुटलंय, टोकापर्यंत. बाकी सगळं चुकलंय, आणि तरी या दोन कागदांमुळे मी आज वर्ग बंद केलेला नाही.

येत्या शनिवारी वर्ग इथे भरणार नाही. सकाळी सात वाजता ओढ्यापलीकडच्या मेसाच्या बेटापाशी यायचं. पाऊस असला तरी यायचं. पाऊस असेल तर बरंच आहे, पानं खाली कशी येतात ते दिसेल. मोबाइल घरी. पहिला तासभर नुसतं बघायचं, बोलायचं नाही. एकच काठी निवडायची, बुडापासून शेंड्यापर्यंत कांडी मोजायची, बोटांनी गाठी चाचपायच्या, फांद्या कुठून फुटल्या ते पाहायचं. मेसाची काठी जवळजवळ भरीव असते. चिनी कवींनी पोकळ बांबूत नम्रता पाहिली. आपल्या भरीव बांबूत काय पाहायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी हाताने तोलून बघा. नंतर बेटाकडे पाठ करून बसायचं आणि मग मी कागद देईन. पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेला आहे, जपून वापरा. प्रत्येकाला एकच मिळेल. उशीर झाला तर परत पाठवीन. पालकांनी यायला हरकत नाही, पण त्यांनीही बसायचं आणि त्यांनाही कागद मिळेल.